जोत्याभोवतीची भेग आणि काळ्या जमिनीवरील घर

चांदूर रेल्वे तालुक्यात कापसाची शेवटची वेचणी आटोपून पऱ्हाट्या उपटल्या गेल्या, म्हणजे जमीन उलू लागते. चैत्र-वैशाखात ह्या भेगा इतक्या रुंदावतात की हाताचा पंजा आत जावा; तुराटी सोडून पाहिली तर ती कंबरेइतकी खोल उतरते. शेतातील भेगांचे शेतकऱ्यास दुःख नसते. जमीन तापते, वरची भुसभुशीत माती भेगांत पडते आणि पहिल्या पावसाचे पाणी खोलवर मुरते. एका अर्थी जमीन स्वतःच स्वतःची नांगरट करून घेते. परंतु हीच भेग घराच्या जोत्यास लागून पडते तेव्हा तिचा परिणाम अगदी उलट होतो, आणि तिकडे मात्र बहुधा कोणाचेच लक्ष जात नाही.

उन्हाळ्यात आपल्या घराभोवती एकदा फिरून पाहावे. जोत्याचा दगड आणि अंगणातील माती ह्यांच्यामध्ये एक-दोन बोटांची फट पडलेली आढळेल. माती आक्रसून भिंतीपासून दूर सरलेली असते; दगड मात्र आपल्या जागी असतो. मृगाचा पहिला पाऊस झाला की छपराचे सर्व पाणी वळचणीस उतरते आणि ह्या फटीत शिरून थेट पायाच्या तळाशी जाते. हे पाणी थोडेथोडके नसते. पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद अशा लहानशा घराच्या छपरावर एक सेंटीमीटर पाऊस पडला तर २५० लिटर पाणी खाली येते. अमरावती जिल्ह्याच्या ह्या भागात वर्षाकाठी साधारणतः ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, हे ध्यानी घेता एका हंगामात अशा घराच्या वळचणीस सुमारे २०,००० लिटर पाणी पडते. त्यातील किती पाणी नालीवाटे दूर जाते आणि किती पायात जाते, ह्यावर त्या घराचे आयुष्य अवलंबून असते.

पुढे श्रावणात भिंतीस तडा जातो, खोलीच्या कोपऱ्यात जमीन ओलसर लागते, ज्वारीच्या पोत्यांची तळची बाजू काळी पडते. घरधनी गवंड्यास बोलावून भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून घेतो. पुढील वर्षी त्याच जागी, त्याच रेषेत, पुन्हा तडा उमटतो. दुखणे जमिनीत आणि लेप भिंतीवर, असा हा प्रकार आहे. भिंतीतील भेग बुजविण्यापूर्वी जमिनीतील भेग बुजविली पाहिजे, हेच ह्या लेखाचे प्रयोजन होय.

काळी आणि पांढरी

आपल्या पूर्वजांनी गावच्या जमिनीचे ‘काळी’ व ‘पांढरी’ असे दोन भाग मानले होते. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षांच्या वस्तीमुळे पडक्या भिंतींची माती, चुलीतील राख व चुनखडी मिसळून गावठाणाची जमीन उंचावलेली असे. ती पाण्याने फारशी फुगत नाही व उन्हाने उलतही नाही. वऱ्हाडातील गढ्या अशाच पांढऱ्या मातीच्या उभारलेल्या असून छपराची व तळाची काळजी घेतली गेली तोवर त्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. आता कुटुंबे वाढली, गावठाण अपुरे पडले, आणि नवी घरे पांढरी सोडून काळीत उतरली. शेतातील गोठे व कोठारे, गावाबाहेरचे नवे प्लॉट, तसेच २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेखाली बांधलेली २५ चौरस मीटरची कित्येक घरे भारी काळ्या जमिनीवर उभी आहेत. जुन्या मातीच्या भिंतीत थोडेफार हलणे सामावून जात असे. विटा-सिमेंटची भिंत ताठ असते. तिच्याखाली जमीन थोडी जरी हलली तरी ती वाकत नाही, तडकते. म्हणूनच नवे पक्के घर जुन्या घरापेक्षा लवकर तडकले, तर त्यात नवल मानू नये.

काळ्या मातीचे हे हलणे कशामुळे होते? दक्षिणेतील काळा पाषाण झिजून ही माती बनली आहे. तिच्यातील चिकणमातीच्या अंशात माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज मोठ्या प्रमाणावर असते. ह्या खनिजाचे कण पापुद्र्यांसारखे एकावर एक रचलेले असून पापुद्र्यांच्या मधल्या फटींत पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात व माती फुगते. पाणी उडून गेले म्हणजे ते पुन्हा जवळ येतात व माती आक्रसते. कपाशीस लाभणारी ओल धरून ठेवण्याचा जो गुण, तोच पायास बाधणारा अवगुण होय.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. केवळ ओलीने घर तडकत नाही आणि केवळ कोरडेपणानेही तडकत नाही. घराखालील जमीन एका बाजूस ओली व दुसऱ्या बाजूस कोरडी झाली म्हणजे तडकते. जोत्याच्या फटीतून पाणी गेले की बाहेरील भिंतीखालची माती फुगून भिंत उचलते, आणि घराच्या मध्याखालची माती मात्र छपराच्या आश्रयाने कोरडी राहते. उन्हाळ्यात ह्याच्या उलट होते. कडेची माती वाळून खचते आणि मधली ओल धरून असते. वर्षातून दोनदा असा झोका बसल्यावर दाराच्या व खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाव्यात हे ओघानेच आले. हा त्रास एकट्या वऱ्हाडासच आहे असे नव्हे. १९७६ साली इंग्लंडात कडक अवर्षण पडले, तेव्हा तेथील चिकण जमिनीवरील असंख्य घरांच्या भिंती अशाच तडकल्या. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात काही लोक उन्हाळ्यात घराच्या पायाभोवती नळीने पाणी झिरपवीत ठेवतात, हेतू हा की माती आक्रसू नये. आपल्याकडे वैशाखात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असते, तेथे हा उपाय सांगणे हास्यास्पद होईल. आपणांस पाणी देऊन नव्हे, तर पाणी अडवूनच ओल सारखी राखली पाहिजे.

भेग काय सांगते

काम हाती घेण्यापूर्वी भिंतीतील भेगेची परीक्षा करावी. भेगेवर आडवी अशी काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांस सिमेंटने चिकटवून जवळच तारीख लिहून ठेवावी. काच न मिळाल्यास भेगेच्या दोन्ही अंगांस पेन्सिलीने खुणा करून त्यांतील अंतर मोजून ठेवले तरी चालेल. निदान एक पावसाळा व एक उन्हाळा लोटू द्यावा. भेग पावसाळ्यात रुंदावत असेल तर पायात कोठून तरी पाणी शिरत आहे असे समजावे. उन्हाळ्यात रुंदावत असेल तर कडेची माती वाळून खचत आहे. दोन्ही ऋतूंत ती होती तशीच राहिली तर ती जुनी, बसलेली भेग होय. ती भरून टाकावी आणि स्वस्थ राहावे.

एकाच कोपऱ्यात भेगा असतील तर त्या कोपऱ्याबाहेर काय आहे ते पाहावे. बहुतेक ठिकाणी तेथे न्हाणी किंवा मोरी आढळते. इतर जमीन कोरडी होते तेव्हाही हा कोपरा बारा महिने ओला राहतो आणि घर त्या बाजूने उचलले जाते. गळका नळ, रांजणाची जागा, गोठ्यातील मूत्राची फुटकी नाली ह्यांचेही असेच आहे. अशा ठिकाणी घराभोवती कितीही मुरूम घातला तरी न्हाणीचे पाणी बंद नालीने दूर नेईपर्यंत गुण येणार नाही. कोपऱ्याशी निंब किंवा पिंपळ असेल तर प्रकार वेगळा. झाड उन्हाळ्यात मुळांवाटे जमिनीतील ओल ओढून घेते व तो कोपरा खचतो. नवे झाड लावताना ते पूर्ण वाढल्यावर जितके उंच होईल, साधारण तितके अंतर भिंतीपासून ठेवावे. जुने मोठे झाड मात्र घाईने तोडू नये. ते तोडल्यावर वर्षानुवर्षे कोरडी असलेली माती ओल घेऊन फुगू लागते आणि खचलेला कोपरा उलट उचलला जातो. छाटणी करून पालवी कमी ठेवणे हा मधला मार्ग होय.

मुरूम का, वाळू का नव्हे

फट कशाने भरावी ह्याबाबत गावोगावी निरनिराळ्या समजुती आहेत. कोणी वाळू टाकतात. वाळू फुगत नाही हे खरे. पण ती पाणी अडवीत नाही, उलट तळापर्यंत पोहोचविते. वाळूने भरलेली फट ही पाण्याची उघडी नळीच समजावी. कोणी जवळचीच काळी माती ओढून घालतात. ती वैशाखात भेग बुजविते आणि पुढल्या वैशाखात स्वतःच फाटते. कोणी दगडगोटे ठोकून काँक्रीट ओततात, आणि हे तर सर्वांत वाईट. उन्हाळ्यात मोठी झालेली भेग कठीण वस्तूने गच्च भरली तर पावसाळ्यात फुगणाऱ्या मातीस पसरण्यास जागा राहत नाही व तिचा सारा रेटा पायाच्या भिंतीवर येतो.

थोडा चिकटपणा असलेला, पण न फुगणारा असा पदार्थ आपणांस हवा. चांगला मुरूम तोच होय. १९७०च्या दशकात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या जमिनीतून जाणाऱ्या कालव्यांची अस्तरे का फुटतात ह्याचा अभ्यास केला. केवळ वाळूचा थर देण्याच्या पद्धतीचे दोष दाखवून, चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा सुमारे मीटरभर जाडीचा थर दाबून बसविला असता खालच्या काळ्या मातीचे फुगणे आवरते, असे त्यांनी सिद्ध केले. जोत्यात मुरूम भरण्याची आपल्या गवंड्यांची रीत त्याच जातीची आहे. नवे घर बांधणाऱ्यांसाठी रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी कंदासारखा फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खांबांचा पाया तयार केला असून तो काळ्या जमिनीस फार मानवतो. ऋतुमानाने जेथे ओलीत फारसा बदल होत नाही, अशा खोलीवर हे खांब टेकतात. परंतु ते काम अभियंत्याच्या देखरेखीचे आहे, आणि आपला प्रश्न उभ्या घराचा आहे.

मालखेड-पोहऱ्याच्या टेकड्यांकडील जमीन हलकी व मुरमाड, तर वर्धा नदीकडे जावे तसतशी काळी खोल होत जाते. तेव्हा तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांस मुरूम जवळ मिळतो, पूर्वेकडील गावांस तो आणावा लागतो. मुरूम हे गौण खनिज असल्याने तो खणण्यापूर्वी तहसील कार्यालयात परवानगीची व स्वामित्वधनाची चौकशी करावी. मुरूम पारखण्यास प्रयोगशाळा नको. मूठभर मुरूम चाळून, भिजवून, लाडवाएवढा गोळा वळावा व उन्हात वाळवावा. गोळा वळतच नसेल तर मुरमात चिकटपणा नाही. वाळून त्यास भेगा पडल्या तर त्यात काळी माती मिसळलेली आहे. दोन्ही निरुपयोगी. वाळल्यावर जो गोळा अखंड व टणक राहतो, तो मुरूम घ्यावा. मुरूम आणणे अगदीच न परवडल्यास खणून काढलेली काळी माती बारीक फोडून तीत वजनाने शंभर भागांस चार ते पाच भाग विझलेला चुना मिसळावा व ओली करून वापरावी. चुन्याने मातीचे फुगणे बरेच कमी होते. हा उपाय मुरमाच्या खालोखालचा आहे. शिवाय चुना डोळ्यांत जाणार नाही अशी खबरदारी बाळगावी लागते.

प्रत्यक्ष काम

कामास योग्य वेळ म्हणजे गहू-हरभरा घरी आल्यापासून रोहिणी लागेपर्यंतची. मजूर मोकळे असतात, भेगा पूर्ण उघडलेल्या दिसतात आणि पेरणीपूर्व वखरणीची घाई सुरू व्हायची असते. मृग तोंडावर आल्यावर खणलेला चर तसाच उघडा राहणे, हे न खणण्यापेक्षा अधिक वाईट.

जोत्याच्या कडेने ७५ सेंटीमीटर रुंद व ४५ सेंटीमीटर खोल चर खणावा. वळचणीचे पाणी चराच्या आतच पडले पाहिजे. छपराची कड त्याहून पुढे येत असेल तर रुंदी वाढवून कडेपलीकडे निदान वीतभर चर राहू द्यावा. संपूर्ण भिंतीच्या लांबीने चर एकदम खणू नये. दीड ते दोन मीटरचा तुकडा खणावा, तो भरावा, मग तेवढेच अंतर सोडून दुसरा खणावा, आणि शेवटी राहिलेले तुकडे घ्यावेत. जुन्या घरांचा पाया कित्येकदा हातभरच खोल असतो. अशा ठिकाणी चर पायाच्या तळापर्यंत कधीही नेऊ नये. भिंतीस पोट आलेले असेल, ती ओळंब्यात नसेल, किंवा खणताना पायाचे दगड सुटू लागले, तर काम थांबवून जाणत्या गवंड्यास अथवा अभियंत्यास दाखवावे. पोट आलेल्या मातीच्या भिंतीच्या आडोशाला पावसाळ्यात कोणीही झोपू नये व जनावर बांधू नये. पाण्याने तळ मऊ झालेली भिंत रात्री अपरात्री, काही सूचना न देता बसते, आणि माणसे दगावतात ती बहुधा अशाच वेळी.

चर खणल्यावर जोत्याचे दगड उघडे पडतील. त्यांच्या सांध्यांतील सुटी माती खरडून, पाण्याने धुऊन, दर्जा चुन्याने किंवा एकास तीन अशा सिमेंट-वाळूने भरून घ्याव्यात. घुशींची बिळे आढळली तर शक्य तितकी खोल उकरून ती ओल्या मुरमाने ठासावीत. बिळाच्या तोंडाशी काचेचे तुकडे घालून सिमेंट लावले म्हणजे घूस पुन्हा तेथे सहसा पोखरत नाही. वाळवीचे मातीचे बोगदेही ह्याच वेळी दिसतात. चराच्या तळाशी भेग खोल गेलेली असेल तर तीत चाळलेला कोरडा मुरूम व चुना मिसळून सैल ओतावा. तेथे ठोकू नये. मातीस फुगण्यापुरती सवड राहू द्यावी. मग मुरूम १५ सेंटीमीटरच्या थरांनी घालावा, प्रत्येक थरावर बेताचे पाणी शिंपडावे आणि धुम्मसाने ठोकावे. पाणी इतकेच असावे की मूठ वळली तर मुरूम धरून राहावा, पण हातास चिखल लागू नये. एकदम सारा चर भरून वरून ठोकल्यास वरचा वीतभर थर तेवढा बसतो आणि खालचा पोकळ राहतो. पहिल्या पावसात तो खचून जोत्याशी पन्हळ तयार होते, म्हणजे पुन्हा पूर्वीचीच स्थिती.

वरील पृष्ठभागास भिंतीकडून बाहेर उतार हवा. नुसता मुरूम असेल तर एका मीटरला पाच सेंटीमीटर, वर फरशी असेल तर तीन सेंटीमीटर पुरे. फरशी किंवा सिमेंटचा थर द्यावयाचा असल्यास तो भिंतीस घट्ट चिकटवू नये. दोहोंमध्ये अंगठ्याएवढी जागा ठेवून ती गरम डांबर व वाळू ह्यांच्या मिश्रणाने भरावी. फरशी वर्षभरात थोडी वर-खाली होणारच. डांबर लवते, सिमेंट लवत नाही. ज्यांस फरशी परवडत नाही त्यांनी मुरमावर शेणमातीचा लेप दिला तरी चालेल. मात्र तो दरवर्षी द्यावा लागेल.

खर्चाचा अंदाज बांधण्यासाठी मुरमाचे माप देतो. पाच मीटर लांब-रुंद अशा घराभोवती वर सांगितलेल्या मापाचा चर भरण्यास ठोकलेला मुरूम पावणेआठ घनमीटर लागतो. सैल मुरूम ठोकल्यावर बसतो, म्हणून सव्वापट धरल्यास सुमारे साडेतीन ब्रास होतो. घरच्या दोन माणसांनी नेटाने काम केल्यास आठवडाभरात ते उरकते.

पाणी चराबाहेर काढल्यावर ते कोठे जाईल ह्याचा विचार आधी झाला पाहिजे. शेजाऱ्याच्या जोत्याकडे ते वळविणे म्हणजे भेग त्याच्या घरी पाठविणे होय. पावसाळ्यातील निम्म्या भांडणांचे मूळ येथेच असते. घराजवळ शोषखड्डा खणण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. मुरमाड जमिनीत तो उत्तम चालतो. भारी काळ्या जमिनीत पाणी फार सावकाश मुरत असल्याने खड्डा तुंबतो आणि सभोवारची माती कायम ओली राहते. अशा जमिनीत न्हाणीचे व मोरीचे पाणी पक्क्या नालीने भिंतीपासून तीन-चार मीटर तरी दूर नेऊन परसातील केळी, अळू किंवा पपईस द्यावे हे बरे.

भिंत आणि धान्य

चराचे काम झाल्यावर एक पावसाळा जाऊ द्यावा व भिंतीतील भेगा कार्तिक-मार्गशीर्षात भराव्यात. त्या वेळी जमीन ना फुगलेली ना आक्रसलेली, अशा मध्यम स्थितीत असते. वैशाखात उघडलेली भेग गच्च भरली तर पावसाळ्यात भिंत मिटू पाहते आणि भरणीच तिला आडवी येते. मातीच्या भिंतीस माती, बारीक भुसा व शेण ह्यांचा गारा कुजवून वापरावा. तिच्यावर सिमेंटचा गिलावा करण्याची हौस अलीकडे वाढली आहे, ती आवरावी. सिमेंट मातीस नीट धरत नाही; त्याच्या आड ओल कोंडून राहते आणि वरून भिंत गुळगुळीत दिसत असता आतून तळ विरघळत जातो.

पुष्कळांचा असा ग्रह होतो की फट बुजविली म्हणजे घरातील ओल सर्वस्वी गेली. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे जमिनीतील पाणी विटांतून वर चढते, आणि जोत्याच्या माथ्यावर ओल अडविणारा थर घातलेला नसल्यास हे चढणे चालूच राहते. फटीच्या पाण्याची ओल पावसाबरोबर येते व ओसरते; चढणारी ओल भिंतीवर साधारण सारख्या उंचीची रेघ धरते आणि तेथे पांढरा क्षार फुटतो. दुसरा प्रकार असेल तर चरामुळे तो कमी होईल, संपणार नाही. तोवर ज्वारी, तूर व विशेषतः बियाणे ह्यांची पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत आणि फळ्यांखाली पॉलिथिनचा जाड कागद अंथरावा. वाळवून बारा टक्क्यांखाली आणलेली ज्वारी ओल्या भिंतीस टेकली तर काही आठवड्यांतच पुन्हा ओल धरते. मग सोंडे आणि बुरशी ह्यांस आमंत्रण द्यावे लागत नाही.

दरवर्षी रोहिणीच्या सुमारास जोत्याभोवती फिरून मुरूम भिंतीपासून कोठे सुटला आहे काय ते पाहावे. शंका वाटेल तेथे घागरभर पाणी हळूहळू ओतावे. पाणी उताराने बाहेर वाहून गेले तर ठीक. जागच्या जागी गडप झाले तर तेवढा भाग हातभर उकरून दोन-तीन घमेली मुरूम ओला करून ठोकावा आणि त्याच ठिकाणी पुन्हा घागर ओतून पाहावी.